हक्क आणि दाद : नागरिकाच्या मूलभूत स्वातंत्र्यांचा आढावा

१९२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य मानलेल्या वर्गांना मोकळीक असावी, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याबरहुकूम खात्यांना आज्ञा सोडल्या आणि पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव करून टाकला. कागदोपत्री पाहता हक्क पुरा झाला होता. परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यायले, तोपर्यंत तो ठराव नगरपालिकेच्या दप्तराबाहेर पडला नव्हता. पाणी प्यायल्यावर प्रतिनिधींना मारहाण झाली, गोमूत्र आणि शेण घालून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, नगरपालिकेने आपला ठराव फिरवला आणि सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. तो दावा पायरीपायरीने चढत १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा कुठे वादींना आपली अनादि वहिवाट सिद्ध करता आली नाही, असे ठरून प्रश्नाचा कायदेशीर शेवट झाला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लोटली होती.

भारतीय नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा समग्र विचार करताना हे चौदा वर्षांचे अंतर नजरेआड करता येत नाही. संविधानाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५ मध्ये, हक्कांची जी गणना आहे तिचे स्तवन पुष्कळ झाले आहे आणि ती त्या स्तवनास पात्रही आहे. पण घोषित झालेला हक्क ज्याच्यासाठी घोषित झाला त्याच्या हाती कोणत्या वाटेने पोहोचतो, ती वाट कोणी रुंद केली, कोणी अडवली आणि आज ती कितपत चालती आहे, हा प्रश्न हक्कांच्या यादीइतकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत आढाव्याचे म्हणणे एवढेच, की या देशात प्रत्येक हक्क दाद मागणाऱ्या माणसाबरोबर वाढला आहे आणि दाद जेथे बंद झाली, दूर गेली किंवा महाग झाली, तेथे तो हक्क शब्दशः जसाच्या तसा राहूनही निष्प्राण झाला आहे.

पूर्वपीठिका

राजसत्तेला लेखी बंधन घालण्याची पाश्चात्य परंपरा जुनी आहे. इंग्लंडातील १२१५ ची सनद, तेथीलच १६७९ चा हेबिअस कॉर्पस कायदा, फ्रान्समधील १७८९ ची मानवी हक्कांची घोषणा आणि अमेरिकेच्या राज्यघटनेस १७९१ साली जोडलेल्या दुरुस्त्या ही तिची ठळक स्थाने होत. परंतु आपल्याकडे हक्कांची आकांक्षा या ग्रंथांच्या वाचनाइतकीच प्रत्यक्ष अन्यायाच्या अनुभवातून उपजली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हा रयतेच्या करांतून उभा राहिलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्याच्या घामातून तो येतो त्याचे मूल अक्षरशत्रू राहते, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली राजद्रोहाचे खटले झाले ते दंडसंहितेत १८७० साली घातलेल्या १२४-अ या कलमाखाली. दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला आणि वृत्तपत्रातील लेखांसाठी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन टिळकांची रवानगी मंडालेस झाली. लेखनाबद्दल माणसाला देशाबाहेर घालवता येते ही गोष्ट महाराष्ट्राने इतक्या जवळून पाहिली, की अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा येथील सुशिक्षितांना केवळ तात्त्विक विषय राहिला नाही.

पुढे १९१९ च्या रौलट कायद्याने विनाचौकशी स्थानबद्धतेचे भय घरोघर नेले. १९२८ च्या नेहरू अहवालात मूलभूत हक्कांची यादी आली, १९३१ च्या कराची काँग्रेसने त्या यादीला आर्थिक व सामाजिक आशयाची जोड दिली; ब्रिटिश पार्लमेंटने मात्र १९३५ चा कायदा करताना अशा घोषणांना व्यवहारात मोल नाही, असे म्हणून ही मागणी बाजूस सारली. गोमंतकात तर पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या अमदानीत सभाबंदी आणि छापील मजकुरावरील पूर्वतपासणी हीच शासनाची नित्याची रीत होती, आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी जी सभा मांडली तिची मागणी प्रथमतः नागरी स्वातंत्र्याची होती. सभा घेता यावी, बोलता यावे, छापता यावे, एवढ्यासाठी तेथील माणसे पोर्तुगालमधील तुरुंगापर्यंत गेली.

घटनासमितीतील विचार

९ डिसेंबर १९४६ रोजी घटनासमिती भरली तेव्हा या सर्व अनुभवांचे ओझे सभासदांच्या मनावर होते. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समिती आणि आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखालील मूलभूत हक्कांची उपसमिती यांनी पहिला आराखडा केला. उपसमितीत डॉ. आंबेडकर, कन्हैयालाल मुन्शी, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर, के. टी. शहा, मिनू मसानी यांसारखी भिन्न मतांची माणसे होती. आराखडा सभागृहापुढे आला तेव्हा बंगालचे कम्युनिस्ट सभासद सोमनाथ लाहिरी यांनी आक्षेप घेतला, की प्रत्येक हक्कामागून लागलेले अपवाद पाहता ही कलमे पोलिस शिपायाच्या दृष्टीने लिहिलेली वाटतात. तो आक्षेप पूर्णपणे रास्त नसला तरी पुढील पाऊणशे वर्षांत तो वारंवार आठवावा असे प्रसंग आले, हे मान्य केले पाहिजे.

व्यक्तीच्या जीविताविषयी आणि स्वातंत्र्याविषयी जो अनुच्छेद आज २१ वा आहे, त्यावरील वाद या दृष्टीने फार उद्बोधक आहे. अमेरिकन घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’ची कल्पना प्रारंभीच्या मसुद्यात होती, घटनासमितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आल्यावर ती गळली आणि कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येईल, असे शब्द आले. म्हणजे कायदा न्याय्य आहे की नाही, हे पाहण्याचे न्यायालयास कारण उरले नाही. या बदलावरील टीकेची तीव्रता जाणूनच डॉ. आंबेडकरांनी १९४९ च्या सप्टेंबरात आजचा अनुच्छेद २२ पुढे आणला: अटक झालेल्यास कारणे कळवावीत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता यावा, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. मात्र त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली आणि शांततेच्या काळातील विनाचौकशी कैदेला घटनेतच स्थान देणारी लोकशाही राज्ये जगात फारशी नाहीत.

याहून मोलाची योजना होती ती आजच्या अनुच्छेद ३२ ची. मूलभूत हक्काचा भंग झाला असता नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे आणि न्यायालयाने देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार व प्राकर्षण हे प्राधिलेख काढून दाद द्यावी, हा मार्गच येथे हक्क म्हणून गणला गेला. ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी या अनुच्छेदास संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. महाडच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून दहा वर्षे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाचा हा अभिप्राय आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. ज्या तरतुदीने नागरिकाला न्यायासनापुढे उभे राहण्याची जागा दिली तिला त्यांनी इतर सर्व तरतुदींच्या वर बसवले.

वाणी आणि लेखणी

संविधान अमलात येऊन चार महिने होतात न होतात तोच अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली परीक्षा झाली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली. संपादक रमेश थापर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली वाटेल तो मजकूर अडवण्याची मुभा मूळ घटनेत नव्हती, हे त्या निकालाचे मर्म होते. शासनाचे उत्तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या रूपाने आले. तिने निर्बंधांची कारणे वाढवली, आणि त्याचबरोबर ते निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही घातली. या एका विशेषणाने पुढे पुष्कळ काम केले, कारण निर्बंध वाजवी आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी सरकारला न्यायालयापुढे आपली कैफियत द्यावी लागू लागली.

राजद्रोहाचे कलम मात्र स्वातंत्र्यानंतरही दंडसंहितेत राहिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरता संकुचित केला. तथापि ठाण्यावर गुन्हा नोंदवताना ती मर्यादा क्वचितच पाळली गेली. अखेर मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित ठेवला आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ‘राजद्रोह’ हे नाव गेले, पण सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम आले. त्याचा अर्थ किती विस्तारतो वा आक्रसतो, हेही दाद मागणाऱ्यांच्या चिकाटीवर अवलंबून राहील.

निकाल आणि त्याचा अंमल यांच्यातील दरी पालघरच्या प्रकरणाइतकी स्पष्ट क्वचित दिसली असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर एका तरुणीने दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम त्यात लावले गेले होते. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्या कलमालाच आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरून नाहीसे झाले. नाहीसे झाले असे आपण म्हणतो. परंतु त्यानंतर कितीएक वर्षे देशातील ठाण्यांत त्याच रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढून ते थांबवावे लागले. न्यायालयाने मोडीत काढलेले कलम अंमलदाराच्या सवयीत सात वर्षे जगले.

देहाचे स्वातंत्र्य

स्थानबद्ध कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांचा अर्ज मे १९५० मध्ये फेटाळला गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक अनुच्छेद सुटा सुटा वाचला आणि कायदेमंडळाने केलेली कोणतीही कार्यपद्धती ‘प्रस्थापित’ मानली. न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळे मत नोंदवले. त्याचा विजय व्हायला अठ्ठावीस वर्षे लागली. परंतु या अरुंद वाटेनेही काय साधता येते, याचे एक उदाहरण मराठी वाचकांनी मुद्दाम स्मरणात ठेवावे असे आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे सरकारच्याच परवानगीने त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ या नावाचे एक शास्त्रीय पुस्तक मराठीत लिहिले आणि पुढेमागे प्रसिद्ध व्हावे म्हणून हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची मुभा मागितली. सरकारने ती नाकारली. पुस्तकात राजकारणाचा लवलेश नव्हता. सरकारचे म्हणणे एवढेच, की स्थानबद्धास नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे काहीही मागता येत नाही आणि पुस्तक छापणे ही काही त्या सवलतींपैकी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने हे अमान्य केले आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळताना सांगितले, की स्थानबद्धतेच्या अटी हे माणसाच्या स्वातंत्र्यावरील निर्बंध आहेत, त्याला मिळालेली बक्षिसे नव्हेत. जेथे स्पष्ट निर्बंध नाही तेथे त्याचे स्वातंत्र्य शाबूतच आहे. त्या वेळी चिनी आक्रमणानंतरची आणीबाणी जारी होती आणि अनुच्छेद २१ व २२ खाली दाद मागण्यास स्थगिती होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाची योग्यता पटते. अणूवरील मराठी हस्तलिखित तुरुंगाबाहेर गेले, कारण एका कैद्याने ‘मला कोणत्या नियमाने अडवता?’ असे विचारले आणि सरकारला तो नियम दाखवता आला नाही.

दहा वर्षांनंतर हाच प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाल्यावर विनाचौकशी स्थानबद्धतेच्या ‘मिसा’ कायद्याखाली सहस्रावधी माणसे तुरुंगात गेली. अनेक उच्च न्यायालयांनी त्यांचे देहोपस्थितीचे अर्ज चालवण्याजोगे मानले, परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने दार बंद केले. अधिकाऱ्याने बेकायदेशीरपणे एखाद्याचा प्राण घेतला तरी न्यायालय निरुपाय आहे काय, या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या प्रश्नाला सरकारच्या वकिलांनी होकारार्थी उत्तर दिले होते. एकट्या खन्ना यांनी विरोधी मत लिहिले आणि पुढे सरन्यायाधीशपदी त्यांना डावलण्यात आले.

त्या काळातही दाद मागणारे सर्वत्र गप्प बसले नव्हते. १९७५ च्या अखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा निर्भय पुरस्कार केला आणि पुढे त्यांना कारावास सोसावा लागला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे निःशंकपणे सांगितले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ खालील दाद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. १९७६ च्या बहुमताचा निर्णय मात्र औपचारिकपणे रद्द व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खाजगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो खोडून काढला. त्या पीठावरील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी जो निर्णय चुकीचा म्हटला, त्याच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते.

जीविताचा विस्तारलेला अर्थ

आणीबाणीनंतर न्यायालयाची दृष्टी पालटली. मनेका गांधी यांचे पारपत्र १९७७ साली कारणे न देता जप्त झाले; जानेवारी १९७८ च्या निकालाने ठरले, की कार्यपद्धती नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. घटनेच्या मसुद्यातून गळलेली ‘ड्यू प्रोसेस’ची कल्पना अशा रीतीने न्यायालयाच्या दारातून परत आली. पुढल्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकीकत वृत्तपत्रांतून बाहेर आली: ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ माणसे खटल्याची वाट पाहत आत पडली होती. वकील कपिला हिंगोरानी यांनी त्यांच्या वतीने अर्ज केला आणि जलद सुनावणीचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये सामावला. येथूनच जनहितयाचिकेचा ओघ सुरू झाला.

मुंबईच्या पदपथवासीयांचे प्रकरण यातले सर्वांत हृदयस्पर्शी, आणि सर्वांत बोधप्रदही. १३ जुलै १९८१ रोजी, भर पावसाळ्यात, पदपथांवर राहणाऱ्यांना हुसकून गावी पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. त्यांतील एका अर्जदाराची कहाणी निकालपत्रातच नमूद आहे. हा मूळचा संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत. घर पडल्यावर तो १९६९ साली मुंबईस आला आणि दरमहा ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने स्थानिक गुंडाला ३०० रुपये मोजले आणि बांबू व प्लॅस्टिकचे कापड यांना ७०० रुपये घातले. म्हणजे दोन-तीन महिन्यांची कमाई ओतून त्याने जे छप्पर उभे केले, ते १८८८ च्या महानगरपालिका कायद्यानुसार नोटीसही न देता उखडता येत होते. १९८५ च्या जुलैत न्यायालयाने मान्य केले, की उपजीविकेचे साधन हिरावणे म्हणजे जीवितच हिरावणे होय. तत्त्व थोर होते. पण त्याच निकालात पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. नोटीस देऊन म्हणणे ऐकावे, पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावे, आणि जनगणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्याव्यात, एवढेच पदरात पडले. संविधानाच्या अभ्यासकांना या निकालाने एक सिद्धान्त दिला; निवारा मात्र दिला नाही. जीविताच्या विस्तारलेल्या अर्थाचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या पाहिजेत.

शिक्षणाचा हक्क यापेक्षा अधिक स्थिर झाला. फुले यांच्या निवेदनानंतर १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घालून दिली, पण ती मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ज्याविषयी न्यायालयात दाद मागता येत नाही अशा भागात. मुदत उलटून गेली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षणाला मूलभूत हक्क ठरवले, २००२ साली अनुच्छेद २१-अ आला आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा अमलात आला. हंटर आयोगापुढील मागणी दाद मागण्याजोगा हक्क व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

मालमत्ता, दुरुस्ती आणि मूलभूत चौकट

हक्कांच्या इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मालमत्तेच्या हक्काचा आधार घेऊन जमीनदार वर्गाने जमीनसुधारणेचे कायदे अडवले आणि कुळांच्या न्यायासाठी संसदेला वारंवार घटना बदलावी लागली. दाद मागण्याची वाट सबळांनाही खुली असते, किंबहुना त्यांनाच ती अधिक परवडते. या संघर्षातून १९६७ चा गोलकनाथ खटला आणि पुढे केशवानंद भारती यांचा खटला उद्भवला. केरळातील एडनीर मठाचे हे स्वामी मठाच्या जमिनीसाठी आले होते. नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने आणि होरमसजी सीरवाई केरळ राज्याच्या बाजूने उभे राहिले. अडुसष्ट दिवस युक्तिवाद चालला. आणि २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले, की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिला नाही. मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मात्र टिकला, आणि नागरिकाचे सर्व हक्क आज त्याच्या आश्रयाने उभे आहेत.

समाजाची सत्ता

महाडात पाणी अडवले ते सरकारने नव्हे, शेजाऱ्यांनी. म्हणूनच आपल्या घटनाकारांनी काही हक्क राज्यसंस्थेपुरते ठेवले नाहीत. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७, वेठबिगारीला मनाई करणारा २३ आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत, खाणींत व धोक्याच्या कामांवर लावण्यास बंदी करणारा २४ हे खाजगी व्यक्तींनाही बांधतात. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांविषयी निर्णय देताना न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही वेठच आहे, कारण भुकेची सक्ती ही सक्तीच असते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करून जातपंचायतींच्या दंडांना आणि वाळीत टाकण्याला गुन्हा ठरवले. तरीही भावकीच्या आणि गावकीच्या दबावापुढे फिर्याद देण्यास पुढे येणारा माणूस एकटा पडतो. त्याला फिर्यादीनंतर गावात सुखरूप राहता यावे, याची हमी देण्याइतके आपले पोलिस खाते सावध झालेले नाही.

आजची स्थिती आणि कर्तव्य

या संपूर्ण पटाकडे पाहता असे दिसते, की हक्कांचा अर्थ पाऊणशे वर्षांत पुष्कळ विस्तारला, दादीची यंत्रणा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांतल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अद्याप सिद्ध व्हायचा आहे अशी माणसे. जलद सुनावणीचा हक्क १९७९ सालीच मान्य झाला होता, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. परंतु पहिल्या रिमांडच्या वेळी हे त्यांना समजेल अशा भाषेत किती ठिकाणी सांगितले जाते, हे कोणत्याही तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस उभे राहिल्यास कळून येते.

उपाय आहेत आणि ते आवाक्यातलेही आहेत. पहिला उपाय जवळिकीचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. वकिलांच्या आणि जनतेच्या कित्येक दशकांच्या आग्रहानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास सर्किट बेंच आले. हे न्यायसंस्थेचे उपकार नव्हेत, हक्काच्या अंमलाची ती पूर्वअट आहे. दुसरा उपाय नोंदीचा. रद्द झालेल्या कलमांची आणि अटकेविषयीच्या बंधनांची माहिती प्रत्येक ठाण्यात मराठीत लावलेली असावी आणि ती मोडणाऱ्या अंमलदारावर व्यक्तिशः जबाबदारी यावी. तिसरा उपाय नागरिकाच्या स्वतःच्या हाती आहे: झडती, जप्ती, अटक, सभाबंदी वा घर पाडण्याचा प्रसंग आला असता लेखी हुकूम मागावा, कलम विचारावे, तारीख आणि सही पाहावी. संझगिरींचे हस्तलिखित याच रीतीने सुटले.

चौथा उपाय संसदेच्या अखत्यारीतला असून संविधानातच लिहिलेला आहे. अनुच्छेद ३२ च्या तिसऱ्या खंडानुसार सर्वोच्च न्यायालयाचे हे दाद देण्याचे अधिकार अन्य न्यायालयांना त्यांच्या स्थानिक हद्दीत वापरण्यास देणारा कायदा संसद करू शकते. तो तिने अद्याप केलेला नाही. तसा कायदा झाला तर गडचिरोलीतील आदिवासी, बीडमधील ऊसतोड मजूर किंवा धारावीतील भाडेकरू यांना आपल्या हक्काची फिर्याद आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत मांडता येईल. जिल्हा न्यायालयांवरील कामाचा भार, न्यायाधीशांची रिक्त पदे, स्थानिक दडपण हे आक्षेप खरे आहेत. पण ते कायदा न करण्याचे कारण नसून न्यायाधीश नेमण्याचे आणि त्यांना संरक्षण देण्याचे कारण आहेत. मताचा जोगवा मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला रस्ता, पाणी आणि वीज यांबरोबर हा प्रश्नही विचारावा: तिसऱ्या खंडाखालचा कायदा तुम्ही संसदेत केव्हा मांडणार?